सप्तरंगीची जागा

त्या सकाळी कबरस्तानात वहाबचाचांना एक खड्डा दिसला, आणि तो त्यांनी खणलेला नव्हता.

फजरची नमाज होऊन अर्धा तास झाला असेल. मशिदीच्या भोंग्यावरून कोणी गेल्याचा पुकारा नव्हता. आणि कोणी गेलं असतं तरी कुदळ वहाबचाचांचीच चालायची. दिवेआगरच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी वसलेल्या त्या गावात चाळीस वर्षं माणसासाठी खड्डा खणायचं काम दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. त्याआधी त्यांचे वडील करायचे. चाचांनी लुंगी वर खोचली, फाटकाची चावी बंडीच्या खिशात टाकली आणि खड्ड्याच्या कडेशी जाऊन उभे राहिले.

त्यांना आधी राग आला तो खणण्याच्या पद्धतीचा. कडा खचलेल्या, माती चहूकडे उधळलेली, तळ कुठे गुडघाभर तर कुठे वीतभर. "कुठल्या गाढवानं खणलाय!" असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांना बाजूला पडलेला वेल दिसला. मनगटाएवढं खोड बुंध्याशी तोडलेलं, पानं अजून हिरवीगार, चकचकीत. मूळ मात्र नव्हतं. मूळ कोणीतरी गोणीत भरून नेलं होतं.

सप्तरंगी. मूळ आडवं कापलं की आत एकाबाहेर एक रंगीत कडी दिसतात, म्हणून ते नाव. साखरेच्या आजारावर ते मूळ चालतं असं लोक म्हणतात, आणि लोक म्हणतात म्हणूनच ते आता कुठे दिसत नाही. चाचांच्या लहानपणी मागच्या डोंगरावर या वेलींनी रान माजलेलं असायचं. मग गोण्या घेऊन माणसं आली, त्यांच्यामागून बंगल्यांचे प्लॉट आले. कबरस्तानात मात्र सात वेली राहिल्या. इथलं लाकूड, पान, मूळ काहीही घरी न्यायचं नाही, चुलीत घालायचं नाही, हा गावाचा जुना दस्तूर. त्या दस्तुराच्या आडोशाला त्या उंडीच्या झाडांवर निवांत चढल्या होत्या. दोन हजार वीस सालच्या वादळात एका दुपारी बहुतेक उंड्या आडव्या झाल्या, त्यांच्याखाली चार वेली गेल्या. पाचवी गेल्या पावसाळ्यात उपटलेली सापडली. ही सहावी.

चोराने आणखी एक गोष्ट केली होती, आणि ती त्याला बहुधा कळलीही नव्हती. खड्ड्याच्या ओढीने शेजारच्या कबरीची कड घसरली होती. कच्ची कबर, वर दगड नाही, पावसाने जमिनीशी सपाट झालेली. परक्या माणसाला ती कबर आहे हे दिसणारच नाही. ती होती जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, शारिक मुकादम यांच्या वडिलांची.

वहाबचाचांनी आधी ती कड बांधली. माती चाळून घातली, पाणी मारलं, तळहाताने थापून सारखी केली. मग ते सातव्या वेलीकडे गेले. ती कोपऱ्यात, त्यांच्या बायकोच्या, तस्नीमच्या कबरीला लागून होती. शाबूत होती. शेंड्याला नारिंगी फळंही धरली होती. चाचा तिच्या बुंध्याशी बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. चोराला वाट कोणी दाखवली, हे त्यांना ठाऊक होतं.

*

दत्तात्रेय पाटलांची सुपारीची वाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला. दत्ता आणि वहाब चौथीपर्यंत एका बाकावर बसले होते आणि पाचवीत दोघांनी एकाच दिवशी शाळा सोडली होती. दत्ता शिंपण्याच्या पाटात पाय सोडून बसला होता.

"काय रे, सकाळीच तोंड उतरलंय. कोण गेला?"

"कोणी न्हाय. वेल गेली. सहावी."

दत्ताने पाय पाटातून वर घेतले.

"खरं सांग दत्ता. मी तुना दिलेलं मूळ तू कोणाला दाखवलंस?"

चार वर्षांपूर्वी दत्ताची साखर चारशेवर गेली होती. अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर बोट काढायची भाषा करत होते. तेव्हा चाचांनी आयुष्यात एकदाच दस्तूर मोडला. कबर खणताना आपसूक तुटलेला मुळाचा बोटभर तुकडा त्यांनी बंडीच्या खिशात घातला आणि फाटकाबाहेर नेला. जन्माच्या दोस्ताचा अंगठा जातोय म्हटल्यावर दस्तूर कोणाला आठवतो?

"दाखवलं म्हणजे..." दत्ता मान खाली घालून म्हणाला, "भाच्याच्या हळदीला विषय निघाला. आम्ही सगळे शुगरवाले एका रांगेत, जिलबीकडं बघत बसलेलो. मी बोललो, आमच्या वहाबनं एक मूळ दिलंय. थोडं उरलं व्हतं, ते आडवं कापून आतली चक्रं दाखवली. हौसेनं रे. एकानं फोटो काढला."

"कुठलं मूळ, तेपन बोललास?"

"तोंडातनं गेलं."

पाटातलं पाणी वाहत होतं.  शेवटी चाचांनीच विचारलं, "गुण तरी आला व्हता का तुना?"

"आता काय सांगू! डॉक्टरच्या गोळ्या काय बंद केल्या न्हवत्या. त्यात बायकोनं भात तोडलेला. तुझ्या मुळानं उतरली का तिच्या धाकानं, देवालाच ठाव." दत्ता हसायला गेला आणि त्याचं हसू अर्ध्यातच राहिलं. "वहाब, चुकलं माझं."

"तू बोललास. पन फाटकाभाईर कोणी काढलं? मी." चाचा उठले, लुंगी झटकली. "मीच निस्तरीन. एक उरलीय अजून."

*

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर जमातीची बैठक मशिदीच्या पडवीत बसली. शारिक मुकादम कुवेतला अठरा वर्षं काढून परतलेला माणूस. कामाला चोख, बोलायला स्पष्ट. गावात पाण्याची टाकी त्याने आणली, मशिदीचे पंखे त्याने बसवले. वडिलांच्या कबरीची कड ढासळल्याचं कळल्यापासून तो नीट जेवला नव्हता, आणि त्याचा राग खोटा नव्हता.

"चाचांनी अब्बांची कबर सारखी केली, मी बघितली," तो म्हणाला. "अल्ला त्यांना त्याची जज़ा देवो. पन हे दुसऱ्यांदा झालं. चोर येतो कशाला? मुळासाठी. मग मूळच ठेवायचं न्हाय. रविवारी परेशचा जेसीबी येतोय. सगळी झाडी साफ, जमीन लेवल, मग चारी बाजूंनी कंपाउंड. टेन्शनच खलास. दुसरी गोष्ट, जागा. आपली मानसं वाढली, कबरस्तान तेवढंच हाय. पाच-सहा वर्षांत कुठं दफन करायचं, हा सवाल येनार. त्या झाडीत किती मय्यतींची जागा अडकलीय!"

माना हलल्या. बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बैठक आता चहाकडे वळणार, तेवढ्यात चपलांच्या रांगेजवळून आवाज आला.

"मना बोलायचं हाय."

सगळे वळून बघू लागले. वहाबचाचा बैठकीला यायचे, चपलांजवळ बसायचे आणि उठून जायचे. त्यांचा आवाज लोकांनी ऐकला होता तो फक्त कबरीत उभं राहून 'फळी द्या' म्हणताना. आज त्यांच्या हातात त्यांची बांबूची काठी होती. कबर मोजायची काठी. वरची खूण मोठ्या माणसाची, खालची लेकराची.

"चोराला वाट मी दाखवली," चाचा उभे राहून म्हणाले. "चार वर्सांमागं बोटभर मूळ मी भाईर नेलं. दत्ता पाटलाच्या पायासाठी. तितनं हे सगळं झालं. दस्तूर मी मोडला."

पडवीत कुजबुज उठली. मुकादमांच्या शेजारी बसलेले एक बुजुर्ग तावातावाने म्हणाले, "चाळीस वर्सं आमी तुमच्या हातात चावी दिली, वहाब!"

"व्हय. दिली." चाचांनी बंडीतून फाटकाची चावी काढली, पुढे जाऊन शारिकसमोर चटईवर ठेवली. "चावी घ्या. दुसरा मानूस बघा. मी तक्रार करनार न्हाय. पन ती शेवटची वेल कापू नका."

"चाचा, एका वेलीसाठी एवढं?" शारिक खरोखरच चकित झाला होता.

"एकच हाय म्हनून. सात व्हत्या तवा मी कवा काय बोललो का, शारिकभाई?" शारिकला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलेला हा माणूस त्याला आज भाई आणि तुमी म्हणत होता.

"डोंगरावर असतील की."

"दोन पावसाळे फिरलोय. ह्या बाजूनं, त्या बाजूनं, पार घाटीपरयंत. न्हाय. तुमी डोंगरावर एक दाखवा, हितली मी सवताच्या हातानं कापतो."

 शारिकने घसा साफ केला. "बराबर हाय तुमचं. पन चाचा, मी सदर हाय. उद्या लोक मना विचारतील. ती वेल एका मय्यतीची जागा खाते."

"खाते. बराबर एक. मी मोजलीय." चाचांनी काठी आडवी धरली. "ह्या खुनेपरयंत लांब, हिच्या अर्धी रुंद. आनि ती जागा कोनाची हाय? तस्नीमच्या बाजूची. माझी हाय ती."

पडवीतला पंखा करकरत फिरत होता. गावात प्रत्येक घराण्याची ओळ ठरलेली; बायकोशेजारची जागा नवऱ्याची, ती कोणी न सांगता मोकळी राहते. वहाबचाचा गेली सहा वर्षं दर शुक्रवारी तस्नीमच्या कबरीपाशी उभे राहत तेव्हा कडेची ती जागा नजरेने मोजत असत, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून पोरंटोरं त्यांची थट्टाही करायची.

"माझी जागा वेलीला द्या," चाचा म्हणाले. "माझा हिशेब तितंच मिटला. मना खाडीकडच्या कडेला टाका. तिथं कोनी जायला बघत न्हाय, मना म्हाईत हाय, मीच खनतो ना. कमरेएवढं खनलं की खारं पानी लागतं. लागू दे."

ते पुन्हा चपलांजवळ जाऊन बसले. काठी त्यांनी मांडीखाली दाबून धरली. शारिकने समोरची चावी उचलली, बोटांत फिरवली आणि खिशात टाकली. "विचार करतो," एवढंच म्हणून त्याने बैठक उठवली.

दत्ता बाहेर दगडी गडग्यावर बसून राहिला होता. सगळं ऐकून त्याने चाचांच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्यात जागा लागत असती तर माझी दिली असती रे. पन आमचं काम तासाभराचं."

चाचा हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

शनिवारी मात्र त्यांना हसू आलं नाही. चावी नव्हती, म्हणून ते मागच्या पडक्या गडग्यावरून आत शिरले, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच चोरासारखे. तस्नीमच्या कबरीवर सब्जा वाळला होता, त्याला पाणी घातलं. "तुना विचारलं न्हाय," ते म्हणाले, "घाई झाली. रागावू नको. मी त्या टोकाला असन, लांब न्हाय काय, हाक मारलीस तर ऐकू येईल." आणि मग त्यांना रडू आलं. सहा वर्षांपूर्वी तिची कबर खणताना आलं नव्हतं, तेव्हा हातात काम होतं. आता हात रिकामे होते. ते मनसोक्त रडले, डोळे लुंगीच्या सोग्याने पुसले आणि वेलीची पिकलेली फळं मोजू लागले. एकेचाळीस भरली.

*

रविवारी सकाळी जेसीबीची घरघर गावाने ऐकली. चाचा आधीच वेलीसमोर काठी रोवून उभे होते. शिव्या द्यायच्या नाहीत, हलायचंही नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

शारिक फाटकातून आला. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात तो ओतायला डबा. चाचांच्या शेजारून तो काही न बोलता पुढे गेला. "काठी द्या," म्हणाला. चाचांनी दिली. शारिकने ती वेलीशेजारी आडवी ठेवली, खुणेपर्यंत चुना ओतला, काठी फिरवली, पुन्हा ओतला. चारी बाजू पुऱ्या झाल्या. एका मय्यतीएवढी बरोबर.

"परेश," त्याने हाक दिली, "ह्या लाइनीच्या आत बकेट गेली तर गाडी इथंच गाडून टाकीन."

"नाय जात, शेठ," परेश वरून हसत म्हणाला.

मग शारिकने चावी काढून चाचांच्या हातात दिली. "काल अम्मानं मना झोपू दिलं न्हाय. रहिमुन्निसा मुकादमला तुमी वळखता. बोलली, तुझ्या बापाच्या वक्ताला अंगात ताप घेऊन कबर खनली त्यानं, आनि तू त्याची चावी काढून आलास?" तो थोडा ओशाळला. "पन चाचा, कंपाउंडनं काय चोर थांबत न्हाय. लोक बोलतात बोर्ड लावू, 'मुळे खणू नयेत'. म्हणजे चोराला घरपोच पत्ता. मी दुसरं बघितलंय. हितं दगड असलेल्या एकाही कबरीला हात लागला न्हाय. अब्बांची कच्ची व्हती म्हनून त्याला समजली न्हाय."

"मग?"

"मग तुमच्या जागेवर तुमचा दगड."

आठ दिवसांनी म्हसळ्याहून दगड आला. मौलानांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, नाव असू दे, तारीख नको. ती लिहायचं काम आपलं नाही. वेलीच्या बुंध्याशी, चुन्याच्या रेघेत, तो बसला. वर ठसठशीत अक्षरं: वहाब इस्माईल हळदे. रेशनकार्डाखेरीज आपलं पूर्ण नाव चाचांनी कधी कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "चांगलं कोरलंय," म्हणाले.

राहिला प्रश्न फळांचा. वेल एकटी उभी ठेवून काय साधणार? पण बिया बाहेर न्यायच्या तर पुन्हा दस्तूर आडवा. या वेळी चाचा चोरून नेणार नव्हते. त्यांनी मौलानांनाच विचारलं. मौलाना वर, उंडीवर बसलेल्या बुलबुलाकडे बघत होते. त्याच्या चोचीत सप्तरंगीचं फळ होतं. "ह्याला कोणी परवानगी दिली?" ते म्हणाले. "न्या. पण फाटकातून न्या, सगळ्यांना दाखवून."

चाचा फाटकातून, हातात परडी घेऊन, भर बाजारातून दत्ताच्या वाडीत गेले. पूर्वी एकदा त्यांनी तस्नीमच्या कबरीवर लावायला म्हणून बिया तिथंच कबरस्तानात डब्यात सुकवून ठेवल्या होत्या, त्यांतली एकही उगवली नव्हती. म्हणून या वेळी गर काढून ओल्याच पेरल्या, सुपारीच्या सावलीत. बुलबुलाचं एक सोडून दत्ताने चाळीस पिशव्या भरल्या आणि रोज सकाळी मोजू लागला. दोन महिने काहीच नाही. दत्ता वैतागला, चाचा नाही. खोल गेलेल्या गोष्टींची त्यांना सवय होती. श्रावणात पहिली फूट आली. दिवाळीपर्यंत चौदा झाल्या.

"ह्या कोनाला दाखवायच्या न्हाईत," दत्ता म्हणाला. "माझ्या तोंडाला कुलूप."

"उलटं," चाचा म्हणाले. "सगळ्यांना द्यायच्या. एकाच जागी ठेवून बघितलं ना आपन."

पावसाच्या तोंडावर पाच रोपं डोंगरावर लावायची, एक शारिकच्या अंगणात, एक शाळेच्या आवारात, असं ठरत गेलं. दत्ताने स्वतःसाठी दोन मागून घेतली आणि वर म्हणाला की मूळ होईपर्यंत मी काय राहत नाही, तेव्हा काळजी नको.

*

पुढच्या वर्षी बकरी ईदच्या दोन दिवस आधी, सकाळी, चाचा पाण्याचा डबा घेऊन कबरस्तानात आले. सब्जाला पाणी घालायचं आणि उरलेलं वेलीला, हा आता रोजचा नेम. उंडीमागच्या नळावर डबा भरून ते वळणार, तोच फाटकातून कोणीतरी आत आलं. तबरेज होता. दोहाहून सहा वर्षांनी आलेला, विमानतळावरून थेट, पायात अजून बूट. त्याचे वडील वादळाच्या साली, विमानं बंद असताना गेले. मय्यत त्याने मोबाइलवर पाहिली होती.

तो वडिलांच्या कबरीपाशी बराच वेळ उभा राहिला. चाचा झाडाआडच थांबले. अशा वेळी मध्ये जायचं नसतं, एवढं त्यांना या कामाने शिकवलं होतं.

परतताना तबरेजची नजर कोपऱ्यातल्या दगडावर गेली. तो वाचत पुढे आला आणि एकदम खाली बसला.

"अल्ला... चाचा पन?"

त्याने डोक्यावर रुमाल घेतला. हात उचलले. फातिहा पुरा पढला, सावकाश, एकही शब्द न गाळता. मग कोकणीतच, मोठ्याने, शेजारी कोणी नाही असं समजून बोलत राहिला.

"या अल्ला, मी न्हवतो तवा ह्या मानसानं माझ्या अब्बांना उतरवलं. पाऊस पडत व्हता, फोनमधी मना दिसत व्हतं, ह्यानं सवताच्या अंगावरची ताडपत्री अब्बांवर धरली व्हती. माझ्या जागी हा उभा व्हता. तू ह्याला चांगली जागा दे."

उंडीमागे वहाबचाचा डबा धरून उभे होते. पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं, त्यांना कळत नव्हतं. त्यांच्यासाठी कोणी हात उचलल्याचं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. लोक त्यांना दिसले होते ते नेहमी दुसऱ्या कोणासाठी हात उचललेले, आणि ते स्वतः त्या वेळी फावडं घेऊन बाजूला.

"आमीन," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

तबरेज डोळे पुसत निघून गेला. संध्याकाळी त्याच्या घरी चहाला जावं लागणार होतं. घाबरेल बिचारा, पण त्याला इलाज नव्हता. चाचा पुढे आले. सब्जाला पाणी घातलं. वेलीला या वर्षी फळं जास्त होती. एक पिकून दगडावर पडलं होतं, ते त्यांनी उचलून बंडीच्या खिशात टाकलं. मग डबा तिरका केला आणि उरलेलं पाणी आपल्या नावाच्या पायथ्याशी, हळूहळू, मुळाशी मुरेल असं ओतलं.